लिनक्सवरील वेब अनुप्रयोगांच्या जागेचे प्रमाणीकरण

सर्व्हरवर चालणाऱ्या आणि ब्राउझरमधून वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला वेब अनुप्रयोग म्हणतात. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, संकेतस्थळांसाठीचे वर्डप्रेस आणि अध्यापनासाठीचे मूडल ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा अनुप्रयोगाच्या फाइली लिनक्स संगणकावर कोणत्या निर्देशिकेत (फोल्डरमध्ये) ठेवाव्यात, याविषयी सर्व वितरणांना मान्य असा एकच नियम अद्याप नाही.

प्रश्नाचे स्वरूप

लिनक्समध्ये फाइलीची जागा मुख्यतः तिच्या स्वरूपावरून ठरते. न बदलणारी आज्ञावली '/युएसआर'मध्ये, त्या संगणकापुरती मांडणी '/ईटीसी'मध्ये आणि वापरागणिक बदलणारी माहिती '/व्हार'मध्ये असते. पाठ्यपुस्तके, वेळापत्रक आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका शाळेत एकाच कपाटात ठेवत नाहीत, तसाच हा विचार आहे.

वेब अनुप्रयोगांची रीत मात्र वेगळी पडली. भाड्याच्या सर्व्हरवर ग्राहकाच्या वाट्याला बहुधा एकच निर्देशिका येई. म्हणून सर्व फाइलींचा एक गठ्ठा करून तो तेथेच उलगडण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे आज्ञावली, संकेतशब्द आणि वाचकांनी चढवलेली चित्रे एकत्र नांदू लागली. नवी आवृत्ती जुन्या फाइलींवर उलगडताना माहिती पुसली जाण्याचा धोका यातूनच उद्भवतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. वर्डप्रेसच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या फाइलीत विदागाराचा संकेतशब्द साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. सर्व्हरवरील पीएचपीची व्यवस्था बिघडली, तर ही फाइल चालवली न जाता जशीच्या तशी मागणाऱ्याच्या हाती पडू शकते. मूडलने याबाबत दक्षता घेतली आहे: विद्यार्थ्यांचे काम साठवणारी 'मूडलडेटा' ही निर्देशिका सार्वजनिक भागाबाहेरच असावी, असे त्याच्या स्थापना-सूचना बजावतात.

प्रमाणके

लिनक्सच्या फाइलरचनेचे पहिले प्रमाणक १४ फेब्रुवारी १९९४ रोजी प्रसिद्ध झाले. पुढे त्याला 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' हे नाव मिळाले. त्याच्या २००४ मधील २.३ या आवृत्तीने संगणक इतरांना पुरवत असलेल्या सेवांच्या माहितीसाठी '/एसआरव्ही' ही निर्देशिका नेमून दिली. परंतु तिच्या आतील रचनेबाबत एकमत नसल्याचे सांगून ती मोकळी सोडली. लिनक्स फाउंडेशनने २०१५ मध्ये काढलेल्या ३.० या आवृत्तीतही ती तशीच आहे. ही मोकळीक प्रामाणिक असली तरी मूळ प्रश्न तिने सोडवला नाही.

वितरणांचे मार्ग

ओपनसुसेने '/एसआरव्ही/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' स्वीकारले. डेबियन, फेडोरा इत्यादींत सर्व्हरची सार्वजनिक निर्देशिका '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये राहिली. तथापि ती जागा संगणक-व्यवस्थापकाची मानली जाते आणि वितरणाच्या पॅकेजने तेथे काही ठेवू नये, असा संकेत आहे. डेबियनचे वर्डप्रेस पॅकेज आज्ञावली '/युएसआर/शेअर'मध्ये, मांडणी '/ईटीसी'मध्ये आणि चढवलेल्या फाइली '/व्हार/लिब'मध्ये ठेवते. सर्व्हरला केवळ तिकडची वाट दाखवली जाते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे.

जेंटूने एकाच संगणकावरील अनेक संकेतस्थळांचा विचार केला. तेथे अनुप्रयोगाची मूळ प्रत '/युएसआर/शेअर/वेबॲप्स'मध्ये राहते आणि 'वेबॲप-कॉन्फिग' हे साधन तिच्यावरून प्रत्येक संकेतस्थळाच्या निर्देशिकेत अनुप्रयोग बसवते. व्यवस्थापकाने बदललेल्या मांडणीच्या फाइली अद्ययावत करताना परस्पर खोडल्या जाऊ नयेत, याचीही काळजी हे साधन घेते.

अडचणी

वर्डप्रेससारख्या अनुप्रयोगाला स्वतःच स्वतःला अद्ययावत करायचे असते व त्यासाठी आपल्या आज्ञावलीवर लिहिण्याची मुभा हवी असते. '/युएसआर' मात्र केवळ वाचनासाठी उपलब्ध असली तरी काम चालावे, अशी प्रमाणकाची अपेक्षा आहे. या विसंगतीमुळे अनेक व्यवस्थापक वितरणाचे पॅकेज टाळून मूळ गठ्ठाच हाताने बसवतात. मग अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. २०१३ नंतर प्रसार पावलेल्या डॉकरमध्ये प्रत्येक अनुप्रयोगाला स्वतंत्र फाइलरचना मिळते. तेथेही टिकवायची माहिती कंटेनरबाहेर ठेवावी लागते; कंटेनरच्या आतच राहिलेली माहिती तो काढून टाकताच नाहीशी होते.