चौकटीच्या वहीतले ठसठशीत अक्षर

मुलांच्या टीशर्टवर, व्हिडिओ गेमच्या खोक्यावर, एखाद्या नव्या कॅफेच्या पाटीवर हल्ली जाडजूड, पायऱ्यापायऱ्यांच्या कडांची अक्षरे दिसतात. जणू लहान मुलाने गणिताच्या वहीतल्या चौकटी काळ्या करून ती काढली असावीत. हसू नका, या घराण्यातले एक अतिशय गाजलेले अक्षर खरोखरच अशा वहीत जन्मले आहे.

त्याचे नाव 'शिकागो'. ते काढणाऱ्या सुझन केअर यांनी कलेच्या इतिहासात डॉक्टरेट मिळवली होती. अक्षरे घडवण्याचा अनुभव मात्र शून्य! १९८३ साली त्यांचा शाळेपासूनचा मित्र अँडी हर्ट्झफेल्ड अ‍ॅपल कंपनीच्या नव्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर काम करत होता. त्याने सुचवले, आलेखाची वही घे, एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. मॅटीच्या कापडावर टाके मोजून फूल भरणाऱ्या गृहिणीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

जाडी कशासाठी?

मॅकिंटॉशचा पडदा जेमतेम ९ इंचांचा. त्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके, तेही फक्त काळे किंवा पांढरे. करडा रंगच नाही. आता अडचण बघा. यादीतली जी आज्ञा त्या क्षणी चालणार नसेल, ती फिकट दाखवायची होती. त्यासाठी अक्षरातला एकाआड एक ठिपका गाळायचा. पण एकेरी ठिपक्यांचे नाजूक अक्षर असे गाळले, तर ते वाचताच येणार नाही! म्हणून शिकागोच्या उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या झाल्या. निम्मे ठिपके गेले तरी अक्षर ओळखू येते. कडा ओबडधोबड दिसू नयेत म्हणून केअर यांनी तिरप्या रेघाही शक्यतो ४५ अंशांतच ठेवल्या.

नावाचा किस्साही गमतीदार आहे. या मित्रमंडळींनी आपल्या अक्षरांना फिलाडेल्फियाजवळच्या छोट्या रेल्वे स्थानकांची नावे देऊन टाकली होती. स्टीव्ह जॉब्ज यांना ती पसंत पडेनात. नावे द्यायचीच तर जगप्रसिद्ध शहरांची द्या, असे त्यांचे म्हणणे. मग न्यूयॉर्क, जिनिव्हा, शिकागो अशी बारशी झाली.

जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला आणि पुढे १९९७ पर्यंत त्याच्या यादीत शिकागोच झळकत राहिले. २००१ साली आलेल्या आयपॉडच्या इवल्याशा पडद्यावरही तेच अक्षर पुन्हा कामाला लागले. केअर यांच्या वहीची पाने २०१५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली.

सुटीत मुलांना घेऊन हा खेळ घरीही करून पाहा. 'क' सहज जमेल. मग 'श्री' काढायला घ्या. वेलांटीसाठी वर चौकटी सोडायला विसरलात, तर खोडरबर हाताशी असू द्या.