हसू मोजून देणारा कलावंत : अशोक सराफ

वऱ्हाडातील बाजारपेठांत पूर्वी बहुरूपी येत असे. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावात पोलिसाच्या वेषात तो दुकानाच्या पायरीशी उभा राही, शेटजींवर भलताच गुन्हा लावी आणि पकडून नेण्याची भाषा करी. गादीवर बसलेल्या दुकानदाराला ते सोंग असल्याचे ठाऊक असे. तरीही क्षणभर त्याच्या मनात शंका चमकून जाई. मग तो मनमोकळे हसे आणि गल्ल्यात हात घाली. वेष उतरवल्यावर या माणसाचा स्वतःचा चेहरा कसा आहे, त्याचे पोट कसे भरते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नसे. हसवणाऱ्याकडे पाहण्याची आपली ही सवय जुनी आहे.

मराठी चित्रपटसृष्टीचे ज्येष्ठ अभिनेते अशोक सराफ यांचे आत्मकथन 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘मी बहुरूपी’. पाच दशके महाराष्ट्राने ज्यांना विनोदी नट म्हणून ओळखले, त्यांनी स्वतःसाठी निवडलेला हा शब्द अर्थपूर्ण आहे. हसवणे हे आपल्या अनेक रूपांपैकी एक रूप आहे, अशी नोंद त्यांनी शीर्षकातच करून ठेवली आहे.

नोकरी आणि नाटक

अशोक सराफ यांचा जन्म 4 जून 1947 रोजी मुंबईत झाला. त्यांचे कुटुंब मूळचे बेळगावचे. त्या काळचे लोकप्रिय नट अशोककुमार यांच्या नावावरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. रंगभूमीवरील नामवंत नट व दिग्दर्शक गोपीनाथ सावकार हे त्यांचे मामा. नाटकाचे संस्कार त्यांना घरातूनच मिळाले. ‘ययाती आणि देवयानी’ या नाटकातील विदूषक ही व्यावसायिक रंगभूमीवरील त्यांची आरंभीची भूमिका होय.

घरी नाटकाचे वातावरण असले, तरी संसाराला नियमित मिळकतीचा आधार हवा, हा मध्यमवर्गीय घराचा नियम तेथेही होता. अशोक सराफ यांनी स्टेट बँकेत नोकरी धरली आणि ती सुमारे दहा वर्षे केली. दिवसा बँकेचे काम आणि त्यानंतर तालीम वा प्रयोग, असा तो काळ होता. बँकेच्या कामकाजाची ज्यांना माहिती आहे, त्यांना या दुहेरी आयुष्याची ओढाताण वेगळी सांगावी लागणार नाही. दिवसअखेरीस एका रुपयाचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत उठता येत नाही, आणि रंगमंदिरातील तिसरी घंटा कोणासाठी थांबत नाही.

व्यापारी घरांतही हा प्रसंग वारंवार येतो. मुलगा वा मुलगी दुकानाऐवजी चित्रकला, संगीत किंवा अभिनयाचे नाव काढते आणि घरात अबोला सुरू होतो. वडिलांना पेढीची चिंता असते. मुलाला आपले आयुष्य हातचे जाईल याची भीती असते. यात दोघांचेही चुकलेले नसते. अशोक सराफ यांच्या पूर्वायुष्यात या पेचाचे एक संयमी उत्तर आढळते. त्यांनी कला सोडली नाही आणि घराचा आधारही घाईने काढून घेतला नाही. भांडवल उभे राहीपर्यंत दोन्ही वह्या चालू ठेवल्या. या मार्गात झोप कमी मिळते आणि वर्षे जास्त लागतात. मात्र अपयश आले तरी घर उघड्यावर पडत नाही.

हवालदार ते धनंजय माने

1975 साली दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ प्रदर्शित झाला. त्यातील सखाराम हवालदाराच्या भूमिकेने अशोक सराफ हे नाव घरोघरी पोहोचले. बाजारात पोलीस होऊन येणाऱ्या बहुरूप्याचे आणि या भूमिकेचे नाते योगायोगाचे असले, तरी ते मोठे गमतीचे आहे. त्या चित्रपटाचे सारे वजन दादा कोंडके यांच्यावर होते. अशा ठिकाणी नवोदित नट एकतर दबून जातो किंवा लक्ष वेधण्यासाठी आरडाओरडा करतो. अशोक सराफ यांनी दोन्ही टाळले. आपल्या वाट्याला जेवढी जागा आली तेवढी त्यांनी नेमकी भरली. 1977 च्या ‘राम राम गंगाराम’मध्येही हीच जोडी प्रेक्षकांना आवडली.

त्यांच्या कलेचे मर्म पाहायचे असेल, तर 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा पाहावा. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात राहायला जागा मिळावी म्हणून दोन तरुण स्त्रीवेष घेतात. लुगडे नेसलेल्या पुरुषाला पाहून प्रेक्षक हसणारच. ते सहज मिळणारे हसू सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वाट्याला आले आहे. अशोक सराफ यांचा धनंजय माने संपूर्ण चित्रपटभर पुरुषाच्याच वेषात आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करणारा, मित्रांना सांभाळणारा आणि एका थापेतून दुसरीत अडकत जाणारा हा साधा माणूस. तो स्वतः कधी गंमत करीत नाही. त्याला जागेची, नोकरीची आणि उघडे पडण्याची खरोखर काळजी आहे. ती काळजी प्रेक्षकाला पटते, म्हणून पुढची प्रत्येक थाप हास्यास्पद होते.

विनोद गांभीर्याने करावा लागतो, या वाक्याचा अर्थ हा असा आहे. मूकपटांच्या काळात अमेरिकेतील बस्टर कीटन हा नट पडद्यावर जवळजवळ हसतच नसे. त्याचा चेहरा दगडासारखा स्थिर राही आणि प्रेक्षागृह हास्याने दुमदुमे. पात्राला आपले दुःख खरे वाटले पाहिजे. ते विनोदी आहे की नाही, हे प्रेक्षकाने ठरवायचे. अशोक सराफ यांचे थांबणे, वाक्य अर्धवट सोडून समोरच्याकडे पाहणे आणि एखादा शब्द किंचित उशिरा उच्चारणे यांत काळाचे अत्यंत सूक्ष्म माप असते. अर्धा क्षण आधी वा नंतर तेच वाक्य पडले, तर हसू येत नाही.

दुसरे माप भागीदारीचे. विनोदी प्रसंगात एकाने जमीन तयार करायची आणि दुसऱ्याने पीक घ्यायचे असते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासह ‘धुमधडाका’पासून कित्येक चित्रपटांत त्यांनी ही भागीदारी निभावली. दोघेही लोकप्रियतेच्या शिखरावर असताना एकमेकांचे हशे पळवण्याचा मोह सहज झाला असता. पडद्यावर तसे दिसत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे 2004 साली, अवघ्या पन्नाशीत निधन झाले. त्या जोडीचे चित्रपट मात्र आजही दूरचित्रवाणीवर लागले की घरातील तीन पिढ्या एकत्र बसतात.

एकाच मालाची मागणी

यशाची एक अडचण व्यापाऱ्यांना चांगली ठाऊक असते. एखादा माल खपू लागला की गिऱ्हाईक त्याच दुकानात दुसरे काही मागतच नाही. अशोक सराफ यांच्याकडे वर्षानुवर्षे हशाचीच मागणी झाली. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हमीदाबाईची कोठी’सारख्या गंभीर नाटकात त्यांनी काम केले होते, हे अनेकांच्या स्मरणातही राहिले नाही. ‘कळत नकळत’, ‘चौकट राजा’, ‘वजीर’ आणि ‘भस्म’ या चित्रपटांनी त्यांच्या अभिनयाचा दुसरा पदर दाखवला. या चित्रपटांची संख्या त्यांच्या विनोदी चित्रपटांच्या तुलनेत अल्प आहे. एवढ्या ताकदीच्या नटाला याहून अधिक गंभीर भूमिका मिळायला हव्या होत्या, ही रुखरुख रसिकांना वाटते आणि ती योग्यच आहे.

त्यांनी या अडचणीवर रुसून बसण्याऐवजी माध्यमे बदलत काम चालू ठेवले. 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘हम पाँच’ या हिंदी मालिकेत पाच मुलींचा गांजलेला बाप होऊन ते देशभरच्या घरांत पोहोचले. सत्तरी ओलांडल्यावर ‘व्हॅक्यूम क्लीनर’ या नाटकात निर्मिती सावंत यांच्यासह ते रंगभूमीवर उभे राहिले. पती-पत्नींच्या देहांची अदलाबदल होते, अशी त्याची कल्पना. पुरुषाच्या कपड्यांतच राहून स्त्रीचे मन दाखवण्याचे ते काम होते; तेथे लुगड्याचा आधारही नव्हता. त्या वयात प्रयोगाचे दौरे करणे म्हणजे शरीराचीही परीक्षा होती.

सन्मान आणि त्यानंतर

महाराष्ट्र शासनाने 2023 चा ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार त्यांना दिला आणि 2025 मध्ये भारत सरकारची ‘पद्मश्री’ त्यांना जाहीर झाली. ‘पांडू हवालदार’ला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. हसवणाऱ्याच्या कामाची सरकारी दप्तरात नोंद व्हायला एवढा काळ लागला. प्रेक्षकांनी ती नोंद फार पूर्वीच केली होती. ‘अशोकमामा’ हे नाते त्यांना लोकांनीच दिले.

आपल्या घरांतही एखादा हसवणारा माणूस असतो. लग्नकार्यात तो हवा असतो, प्रवासात तो हवा असतो. महत्त्वाचा निर्णय घेताना मात्र त्याला कोणी विचारीत नाही. तो गमत्या आहे, असे म्हणून त्याचे गांभीर्य बाजूला सारले जाते. त्याने हसवण्यापूर्वी समोरच्याचे मन वाचलेले असते, कोणाला काय लागेल हे ताडलेले असते आणि स्वतःची चिंता घरी ठेवलेली असते. पुढच्या वेळी कुटुंबाची बैठक बसेल, तेव्हा त्यालाही बोलवावे आणि त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे.