पावसात बाहेरचा दिवा का जातो

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की सरळगावनंतर टोकावडे येतं. इथून पुढे सह्याद्री जवळ येत जातो, तसा पावसाचा जोरही वाढतो. नैऋत्येचा वारा सर तिरकी मारतो, त्यामुळे दारावरचा किंवा गोठ्यावरचा दिवा वळचणीखाली असूनही भिजतो. दिवा गेला की आपण आधी बल्ब बदलतो. त्यापूर्वी तोच बल्ब घरातल्या होल्डरला लावून पाहावा. तिथे लागला, तर बिघाड बाहेरच्या होल्डरात, जोडात किंवा बटणात आहे, आणि पावसाळ्यात बहुतेक वेळा त्याचं मूळ पाणीच असतं.

हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही, कारण मेन पाडला तरी त्याची लाईन चालूच राहते. नुसतं दिव्याचं बटण बंद करून भागत नाही. कितीतरी घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असतं. मग बटण बंद, दिवा बंद, तरी होल्डरात 230 व्होल्ट हजर. बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब रात्रभर मिणमिणत असेल, तर पहिली शंका हीच घ्यावी. टेस्टर आधी चालू प्लगात लावून तो पेटतो ना हे बघा, मग मेन बंद करून होल्डरला लावा. पण टेस्टर पेटतो तो आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर. कोरड्या लाकडी शिडीवर रबरी चपला घालून उभं राहिलं, तर फेज असूनही तो नीट पेटत नाही. म्हणून टेस्टर पेटला नाही तरी मेन बंदच हवा.

होल्डर उघडला की कारण बहुधा डोळ्यांना दिसतं. पितळी पिनांवर हिरवट पूड, स्क्रूपाशी काळा कार्बन, कधी मुंग्यांनी आणून भरलेली माती. पिना आत दाबून बघा. स्प्रिंगने परत वर आल्या नाहीत तर होल्डर बदलायचा, घासत बसायचं नाही. वायरचं टोक काळं पडलं असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, मग सेंटिमीटरभर सोला, तारा पिळून स्क्रूखाली घट्ट आवळा आणि ओढून बघा. बाहेरचा जोड नुसत्या चिकटपट्टीवर ठेवू नये. उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो आणि पावसात त्याच फटीत पाणी साठतं. जोड कनेक्टरमध्ये घेऊन झाकणाच्या डबीत ठेवावा.

आता पाण्याची वाट, आणि दुरुस्ती टिकते ती इथेच. वायर वरून सरळ दिव्यात उतरत असेल, तर पाणी तिच्याच अंगावरून ओघळत आत जातं. वायर आधी दिव्याच्या खाली उतरवावी, तिथे झोळ द्यावा आणि खालच्या बाजूने आत घ्यावी. म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. भिंतीला टेकणारी दिव्याची वरची कड आणि दोन्ही बाजू सिलिकॉनने बंद करा, खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजू बुजवल्या तर मागे शिरलेलं पाणी आणि धरलेला दमटपणा बाहेर पडू शकत नाहीत. नवा दिवा आणायचा तर खोक्यावर आयपी65 बघावं. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही, 5 म्हणजे पाण्याची धार झेलतो. मात्र वायर आत जाते तिथलं रबर नीट आवळलं नाही, तर या आकड्यांना अर्थ उरत नाही.

घरात आरसीसीबी असेल आणि सर आली की तो पडत असेल, तर तो आपलं काम करतोय. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतो का, हे तो बघतो. 30 मिलीअँपियरची तफावत आली की लाईन तोडतो. त्याला बगल देऊन थेट जोडणी कधीही करू नये. खांबापासून मीटरपर्यंतची वायर महावितरणची. तिथे ठिणगी दिसली तर 1912 ला फोन करावा.

हे सगळं मृग लागण्याआधी उरकावं. मेन बंद ठेवून दिव्यावर तांब्याभर पाणी वरून आणि बाजूने सोडा, थोडं थांबा, बाहेरून पुसून झाकण उघडा. आत ओल दिसली तर ती कुठून आली ते तिच्या ओघळावरून कळतं. तेवढीच फट बुजवून, आतला भाग वाळवून, परत एकदा पाणी सोडून बघा.