शिलालेखांतील एक अंक
स्थानिक किंमत व बाकी यांचा कालनिर्णयांत उपयोग

शिक्षकाच्या कामांतून मोकळे झाल्यावरही, उल्हासनगर कॅम्प ५ मधील आमच्या घरीं शेजारचीं मुलें गणित विचारावयास येतात. त्यांपैकीं एकानें ९ च्या जागीं ७ लिहून उत्तर चुकविलें, आणि वर आम्हांसच विचारलें, "गुरुजी, एकच तर अंक चुकला, त्यानें एवढें काय बिघडलें?" प्रश्न मुलाचा असला तरी जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणारांनीं तो स्वतःस विचारून पाहावा, असा आहे. उत्तर देण्यासाठीं आम्ही त्यास जवळच्याच अंबरनाथच्या शिवालयाकडे घेऊन गेलों.

या देवळाच्या उत्तरद्वारीं, आंतल्या बाजूच्या तुळईवर, शिलाहार राजा मुम्मुणि ऊर्फ मांवाणि याच्या वेळचा लेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा वाचला व तोच पाठ आज मान्य आहे. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले होते. तेव्हां ही दुरुस्ती शिष्यानें गुरूच्या वाचनाची केलेली दुरुस्ती होय, आणि त्यांत गुरूचा उणेपणा मुळींच नाहीं.

येथें चुकलेला अंक एकच. परंतु तो शतकाच्या स्थानचा आहे. ९८२ म्हणजे ९ शतक, ८ दशक व २ एकक. ९ व ७ यांचें अंतर २ खरें. पण एककस्थानीं तें दोन वर्षांचें, दशकस्थानीं वीस वर्षांचें आणि शतकस्थानीं दोनशें वर्षांचें होतें. अंकाची दर्शनी किंमत तीच राहून स्थानिक किंमत बदलते, ती अशी. उलट 'कॅम्प ५' यांतील ५ हा केवळ ओळखीचा अंक आहे. तेथें बेरीज-वजाबाकीचा प्रश्नच येत नाहीं. म्हणून अंक वाचण्यापूर्वीं तो कोणतें काम करीत आहे, हें पाहावें.

आतां दोन पाठांपैकीं खरा कोणता, हें केवळ नजरेवर सोडावें लागत नाहीं. मुम्मुणीचा वडील भाऊ छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट शक ९४८ चा आहे. ९८२ मधून ९४८ वजा केले तर ३४ उरतात. भावाभावांत हें अंतर सहज संभवतें. ७८२ घेतले तर धाकटा भाऊ थोरल्याच्या दानपत्रापूर्वीं १६६ वर्षें राज्य करीत होता असें होईल! साधी वजाबाकी येथें साक्षीदाराचें काम करिते. शकांत ७८ मिळविले असतां इसवी सन निघतो. १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत मात्र ७९ मिळवावे. त्याप्रमाणें शक ९८२ चा आरंभ इ. स. १०६० मध्यें येतो.

दुसरें साधन बाकीचें. संवत्सरें साठ असून तीं चक्राकार फिरतात. दक्षिणेंतील रूढ गणनेप्रमाणें शकांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी राहील तितकावें संवत्सर प्रभवापासून मोजावें, आणि बाकी शून्य आल्यास साठावें क्षय धरावें. उदाहरणार्थ, शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यांत १२ मिळवून १६०८; ६० नें भागतां बाकी ४८; अठ्ठेचाळिसावें संवत्सर आनंद. तेंच राज्याभिषेकाचें संवत्सर होय, आणि ७८ मिळवितां इ. स. १६७४ येतो. एखाद्या नकलेंत आनंद संवत्सर लिहून शक १५६६ घातला असेल, तर बाकी १८, म्हणजे तारण संवत्सर येईल, आणि नकलकाराची चूक तत्काळ उघडी पडेल.

परंतु या कसोटीची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्याच नकलेंत १५३६ लिहिलें असेल तर बाकी पुन्हां ४८ येते. कारण चूक नेमकी साठांची आहे. अशा वेळीं बाकी मुकी राहते व आशय बोलतो: शक १५३६ म्हणजे इ. स. १६१४, आणि महाराजांचा जन्म तर १६३० चा. तसेंच लेखकानें गत शकाऐवजीं वर्तमान शक धरला असल्यास बाकींत एकाचा फरक पडतो. तो दिसतांच कागद बनावट ठरवूं नये.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, शक उतरून घेतांना अंक दिसतो तसाच उतरावा. संशय असल्यास तो शेजारीं नोंदवावा. आणि आपला हिशेब निराळा लिहावा. मनानें सुधारलेला अंक पुढच्या वाचकाची वाट कायमची बंद करितो. भाऊ दाजींचा पाठ छापून राहिला, म्हणूनच तो पुढें तपासतां आला.

परततांना आम्ही त्या मुलास त्याच्या गांवाचेंच उदाहरण घातलें: उल्हासनगर हें नांव ८ ऑगस्ट १९४९ रोजीं पडलें, तर शक व संवत्सर सांग. त्यानें वाटेंतच १८७१ काढला, १२ मिळविले, ६० नें भागून बाकी २३ आणिली, आणि आमच्याकडून नांवें म्हणवून घेत विरोधी संवत्सरापर्यंत पोंचला. त्यानंतर त्यानें आपल्या वहींतील तो ७ स्वतः होऊन खोडला.