पेपर उघडत नाही? मग ग्रंथालय गाठा!

बायोएनर्जीवर प्रोजेक्ट करणारे बरेच जण विचारतात, "पेपर उघडायला पैसे मागतात, मग गोषवाऱ्यातला आकडा उचलू का?"

नका उचलू. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड घ्या. कारखान्यात गाळप झाल्यावर त्यात साधारण निम्मं वजन पाण्याचंच असतं. त्यामुळे किलोभर ओल्या बगॅसमधून सुक्याच्या निम्मीसुद्धा उष्णता हाती लागत नाही. आकडा ओल्याचा की सुक्याचा, हे बऱ्याचदा आतल्या तक्त्यातच कळतं. तिथे गडबड झाली की अख्खा हिशेब दुपटीने चुकतो. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, युनिटच चुकलं!

मग पूर्ण मजकूर कुठे मिळेल? आधी शोधगंगा उघडा. भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे मोबाईलवरही फुकट वाचता येतात. प्रयोग कसा केला, हे प्रबंधात पेपरपेक्षा सविस्तर असतं. सर्चमध्ये 'बगॅस' आणि 'शुगरकेन ट्रॅश' इंग्रजीत वेगवेगळं टाका. दुसरा शब्द शेतातल्या पाचटासाठी आहे.

सरकारी विद्यापीठात किंवा कॉलेजात असाल, तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आहेच. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात वाचता येतात. घरून लॉगिन कसं करायचं, ते ग्रंथपालांना विचारा. खासगी कॉलेजवाल्यांनो, जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना बसू देतात का, याची चौकशी करा.

आणि हो, आकडा वहीत उतरवताना शेजारी 'ओला' की 'सुका' तेही लिहा. भेटू पुढच्या भागात!