मागच्या गाडीचा हिशेब

शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी नकाशा, पट्टी आणि शिसपेन्सिल घेऊन बसलो, की आमच्या सौ. समजायचे ते समजतात. ‘‘कसला ताळेबंद जुळवताय?’’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘‘सात मोटारसायकली, नऊ माणसं. येत्या रविवारी डोंबिवलीहून माळशेज आणि परत.’’ त्या क्षणभर थांबल्या. ‘‘तेही येणार आहेत?’’ एवढेच त्यांनी विचारले.

‘ते’ म्हणजे आमचे कॅशियर. बँकेच्या एकाच शाखेत आम्ही नऊ वर्षे एकत्र काढली. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. दोघे आल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. निवृत्तीनंतर गाड्यांवरून भटकण्याची टूम निघाली, तेव्हा पहिला होकार त्यांचाच होता.

चार वर्षांपूर्वी याच रस्त्यावर टोकावडे मागे टाकून आम्ही घाटाकडे निघालो होतो. पुढे मी, सर्वांत मागे कॅशियर. हवा सुरेख, रस्ता मोकळा, मी तंद्रीत. घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर गाड्या लावल्या, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि कोणीतरी म्हणाले, ‘‘सहाच गाड्या कशा?’’ बँकेत रोज संध्याकाळी रोकड मोजल्याशिवाय तिजोरी बंद न करणारा मी, गाड्या मोजायला विसरलो होतो!

मागे फिरलो. वळणावरच्या खडीवरून त्यांची गाडी घसरली होती. खांद्याजवळचे हाड मोडले होते. शेतातून धावत आलेला एक माणूस त्यांना झाडाच्या सावलीत बसवून पाणी पाजत होता. चाळीस मिनिटे ते तिथे होते. मला पाहून ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही आरशात बघितलंच नाही.’’

हाड सांधले, पण गाडी त्यांनी पुन्हा बाहेर काढली नाही. आणि आता, अचानक, परवा त्यांचा फोन : ‘‘या वेळी मी येतो.’’ तासाभराने त्यांच्या सूनबाईंचा फोन : ‘‘काका, बाबा ऐकत नाहीत. तुम्ही जबाबदारी घेताय का? तसं सांगा, म्हणजे आम्ही अडवणार नाही.’’ मी शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली. म्हणून हा नकाशा.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडे यॉर्कशायरच्या अरुंद गावरस्त्यांवर तो मित्रांबरोबर अशाच दिवसभराच्या फेऱ्या काढतो. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे हा नियम तिथेही आपल्यासारखाच. त्याला मी ही अडचण सांगितली. तो म्हणाला, ‘‘मामा, पुढच्याने आणि मागच्याने आपली जागा सोडायची नाही. बाकीचे बदलत राहतात.’’ पद्धत सोपी आहे. जिथे रस्ता फुटतो, तिथे पुढारी आपल्या लगेच मागच्याला हाताने खूण करतो. तो सुरक्षित जागी कडेला थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो. भडक रंगाचे जाकीट घातलेला शेवटचा गडी दिसला, की त्याच्या पुढे होऊन पुन्हा चालू लागतो. शेवटचा आला नाही, तर जागेवरून हलायचे नाही. चुकामूक नाही, शर्यत नाही. ऐकताना मला तिजोरीच्या दोन किल्ल्या आठवल्या.

मग कागदावर मांडणी सुरू केली. कल्याणहून माळशेज साधारण ८५ किलोमीटर. ताशी पस्तीसच्या वेगाने अडीच तास, थांबे धरून साडेतीन. कल्याण सहाला सोडायचे, म्हणजे वाहनांची गर्दी होण्याआधी रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल ओलांडता येतो. पहिला थांबा मुरबाड, दुसरा टोकावडे. पेट्रोलचा हिशेब सर्वांत लहान टाकीवरून. सरळ रस्त्यावर एक गाडी डावीकडे, पुढची उजवीकडे, मध्ये दोन सेकंदांचे अंतर. वळणावर मात्र एकामागे एक. भातकापणीच्या दिवसांत रस्त्यावर पेंढा सांडलेला असतो आणि त्यावरून चाक सरकते. शिरस्त्राण गाडी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आहे. कुठेही पोहोचलेलो असू, अकरा वाजता परत फिरायचे. परतताना मुरबाडहून बारवी धरणाच्या बाजूने, झाडीतल्या रस्त्याने बदलापूर. चार वाजेपर्यंत प्रत्येक जण आपापल्या घरी.

या रस्त्याने जाताना वैशाखरे गावाच्या सुमारास डोंगराच्या कड्यावर नाणेघाटाचा अंगठा दिसतो. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल सातवाहनांच्या काळी याच वाटेने जुन्नर आणि पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावर नागनिका राणीचा शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात ब्राह्मी लिपीत कोरले आहेत. तो पाहताना बँकवाल्याला दगडात कोरलेली खातेवहीच दिसते. जवळच दगडी रांजण आहे, जकातीची नाणी टाकायचा असे म्हणतात. पण मला जास्त भावतात ती कातळातली पाण्याची टाकी. चढ चढून तांडा दमणार, कोणी मागे राहणार, हे धरून कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी ती खोदवली. वाटेचा आराखडा करणाऱ्याने दमलेल्याचा विचार आधी केला होता. मी मात्र चार वर्षांपूर्वी केवळ पोहोचण्याचा केला.

रात्री नऊला सूनबाईंना फोन लावला. ‘‘हे बघ, बाळ, बाबा पडणारच नाहीत, असं मी लिहून देऊ शकत नाही. रस्ता आहे, खडी आहे, आमची वयं आहेत. पण पडले, तर एकटे पडणार नाहीत, एवढं मी सांगतो. आणि त्यांना मध्येच थांबावंसं वाटलं, तर मीही तिथेच थांबेन.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘ठीक आहे, काका. औषधांची पिशवी मी देते बरोबर.’’

लगोलग कॅशियरसाहेब फोनवर आले. ‘‘साहेब, पण माझा वेग तीस-पस्तीसच हं आता.’’

‘‘हिशेब पस्तीसनेच केलाय.’’

‘‘आणि पुढे कोण?’’

‘‘कोणी तरुण पोरगा. तुम्ही शेवटून दुसरे.’’

‘‘म्हणजे माझ्या मागे...?’’

‘‘मी.’’

ते हसले. खूप दिवसांनी हसले असावेत. सौ.नी मात्र तोवर माझ्या कागदावर शेवटी एक ओळ लिहून ठेवली होती : प्रत्येक थांब्यावर गाड्या मोजणे.