नळी कोणी काढायची?

मरणाचा कायदा : भाग ४

गेल्या भागात आपण नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि ओरेगॉनमधले कायदे पाहिले. डॉक्टरने स्वतः मरण द्यायचं की रुग्णाच्या हाती औषध ठेवून बाजूला व्हायचं, यावर तिथे वाद झाले. आपल्याकडचा प्रश्न त्याच्या बराच अलीकडे अडलेला आहे. चालू असलेले उपचार थांबवायचे का, आणि हे ठरवायचं कोणी?

या प्रश्नाचा भारतातला इतिहास परळच्या केईएम रुग्णालयात घडला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर एका वॉर्डबॉयने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. हल्लेखोराला जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. तो शिक्षा भोगून सुटला, अरुणा मात्र त्याच रुग्णालयात राहिल्या, १८ मे २०१५ पर्यंत.

त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणांना भरवणं थांबवावं आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, अशी त्यांची मागणी होती. केईएमने कडाडून विरोध केला. अधिष्ठाता डॉ. संजय ओक यांनी न्यायालयाला कळवलं की अरुणा कालवलेलं अन्न खातात, मासे किंवा चिकन सूप मिळालं की खूश दिसतात, आणि आमचे लोक आनंदाने त्यांची सेवा करतात. या सांगण्यात अतिशयोक्ती नव्हती. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला शय्याव्रण होऊ न देणं ही काय गोष्ट आहे, हे घरी असं माणूस सांभाळलेल्यालाच कळेल.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी मिठाई वाटली. पण याच निकालाने इतरांसाठी दार उघडलं. उच्च न्यायालयाची परवानगी असेल, तर कायमच्या बेशुद्ध रुग्णाचे जीव धरून ठेवणारे उपचार थांबवता येतील, असं न्यायालयाने सांगितलं. जिच्या नावाने हा हक्क आला, तिला तो मिळाला नाही. परवानगी न्यायालयाचीच का, याचं कारणही निकालपत्रात स्पष्ट आहे. इस्टेटीवर डोळा ठेवून नातेवाईक डॉक्टरला हाताशी धरतील, अशी भीती न्यायमूर्तींना वाटत होती. आपल्या दिवाणी न्यायालयांत भावाभावांचे किती दावे पडून आहेत हे आठवलं, की ती भीती अनाठायी म्हणवत नाही.

मला या खटल्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच मुद्दा. अरुणांच्या वतीने बोलायचं कोणी? नातेवाईक केव्हाच येईनासे झाले होते. विराणी म्हणत होत्या, मी तिची मैत्रीण म्हणून बोलते. न्यायालयाने सांगितलं की तो अधिकार वर्षानुवर्षं तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. दोन्ही बाजूंच्या मनात तिच्याविषयी माया होती, यात मला शंका नाही. पण तिला स्वतःला काय हवं असतं, हे दोघांनाही ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. पंचविशीतल्या धडधाकट परिचारिकेला असला प्रश्न विचारतो कोण?

मग तो आधीच विचारून, लिहून ठेवायचा. २००५ साली कॉमन कॉज या संस्थेने केलेल्या याचिकेचा गाभा हाच होता. ९ मार्च २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं, की सन्मानाने मरणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि शुद्धीत असताना केलेलं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच लिव्हिंग विल, ग्राह्य आहे. मात्र त्यासोबत आखलेली कार्यपद्धती अशी होती की रुग्णाचं मरण लवकर येईल पण परवानगी नाही. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी. पुढे एक वैद्यकीय मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं, आणि शेवटी दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णाला पाहून जायचं. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटनाच हे बदला म्हणून न्यायालयात गेली.

२४ जानेवारी २०२३ रोजी नियम सुटसुटीत झाले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मंडळं दोनच. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमलबजावणीआधी रुग्णालयाने दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसलं तरी घरच्यांच्या संमतीने हाच मार्ग धरता येतो, हे अनेकांना माहीत नसतं.

इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. तो अधिकारी कोण, याचं उत्तर मिळावं म्हणून मुंबईतल्या डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात याचिका करावी लागली, तेव्हा महाराष्ट्रात नेमणुका हलल्या. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. राज्यातलं ते पहिलं. न्यायमूर्तींना पुढे यावं लागलं यातच कळतं, की बाकीच्यांना हा कागद अजून अशुभ वाटतो.

आता कागद बाजूला ठेवून आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्याकडे येऊ. तिथे उपचार रोज थांबतात. कागदपत्रांत त्याला 'डामा' म्हणतात : डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणं. सल्ला बहुधा डॉक्टरांचाच असतो. "आता घरी न्या, सेवा करा," एवढं हळूच सांगितलं जातं आणि सही मात्र मुलाची घेतली जाते. मंडळ नाही, दंडाधिकारी नाहीत. वाटेत रुग्णवाहिकेत किंवा घरच्या खाटेवर, बरेचदा वेदनाशामकाशिवाय, माणूस जातो. निर्णय कशावरून झाला असं विचारलं, तर खरं उत्तर पुष्कळदा बिलाच्या आकड्यात सापडतं. कायद्याने घातलेली सगळी कुंपणं या वाटेला लागतच नाहीत.

म्हणूनच डॉक्टरने इंजेक्शन देऊन मरण देण्याला भारतात आज परवानगी द्यावी, असं मला वाटत नाही. ज्या देशात उपचाराचा खर्च घरच्यांच्या खिशातून जातो, तिथे 'मला आता सोडवा' हे वाक्य रुग्णाचं किती आणि कर्जाचं किती, हे कोणतं मंडळ ठरवणार? कॅनडाने २०२१ मध्ये मरण जवळ आलेलं नाही अशांनाही ही मुभा दिली, तेव्हा तिथल्या अपंगांच्या संघटनांनी असाच आक्षेप घेतला होता. आधार मिळत नाही म्हणून माणसं मरण मागतील, असा.

पण माझ्या या भूमिकेला एक भोक आहे आणि ते बुजवता येत नाही. ज्याच्या अंगाला कुठलंही यंत्र लावलेलं नाही, स्नायू एकेक करून निकामी होत चालले आहेत आणि शुद्ध पूर्ण शाबूत आहे, त्याचे कोणते उपचार थांबवायचे? आपल्या कायद्याकडे त्याला देण्यासारखं काही नाही. अन्नपाणी सोडण्याची वाट मराठी माणसाला नवी नाही. १९६६ मध्ये सावरकरांनी आणि १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी ती धरली. दोघांच्या त्या निर्णयाकडे महाराष्ट्राने गुन्हा म्हणून पाहिलं नाही. जैनांची सल्लेखना मात्र राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. थोर माणसाने केलं तर प्रायोपवेशन, शेजारच्या आजोबांनी केलं तर घरच्यांवर संशय. हे टिकणारं नाही.

आणि या सगळ्याच्या आधी वेदना येते. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं. पण त्याच्या आदल्या वर्षीच्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फीन इतक्या परवान्यांत अडकवलं, की कर्करोगाच्या रुग्णासाठी ते मिळवणं बहुतेक दवाखान्यांनी सोडूनच दिलं. २०१४ च्या दुरुस्तीने परवाने कमी केले, तरी तालुक्याच्या औषधदुकानात ते आजही सहसा मिळत नाही. मरण मागणाऱ्या माणसाचं दुखणं आधी थांबवून पाहिलं का, हे विचारल्याशिवाय बाकीची चर्चा मला घाईची वाटते. केरळने ते कसं करून दाखवलं, ते पुढच्या आठवड्यात.